सागरी मार्गनियम : शिडाच्या व यंत्रचलित नौका

सागरी मार्गनियम : दोन नौका परस्परांच्या वाटेत येऊन टक्कर होण्याचा संभव उत्पन्न झाला असता त्यांपैकी कोणी बाजूस व्हावे आणि कोणी आपली दिशा व वेग कायम राखावा, हे ठरविणारी आंतरराष्ट्रीय नियमावली. तिचा सध्या अंमलात असलेला पाठ लंडन येथील परिषदेने २० ऑक्टोबर १९७२ रोजी संमत केला व १५ जुलै १९७७ पासून तो लागू झाला. खुल्या समुद्रावर आणि त्याला जोडलेल्या, समुद्रगामी नौकांस जाण्याजोग्या सर्व जलभागांत, प्रचंड तेलवाहू जहाजापासून एकट्या माणसाच्या होडीपर्यंत सर्वांवर तिचा अंमल चालतो; मात्र बंदरे, नद्या व अंतर्गत जलमार्ग यांपुरते खास नियम करण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांस आहे. ही नियमावली कोणत्याही नौकेस बिनशर्त हक्क बहाल करीत नाही, एकीवर वाट देण्याचे कर्तव्य घालताना दुसरीवरही ती तितकेच काटेकोर कर्तव्य घालते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. कारण शिडाच्या नौकेस सर्वांनी वाट दिलीच पाहिजे असा जो समज हौशी नाविकांत रूढ आहे तो जेमतेम अर्धा खरा असून उरलेला अर्धा प्राणावर बेतणारा आहे.

शिडाच्या नौकेस मिळालेल्या सवलतीचे मूळ वाऱ्याच्या स्वभावात आहे. वारा जिकडून येतो तिकडे सरळ तोंड करून तिला चालता येत नाही. आजची उत्तम बांधणीची नौकासुद्धा वाऱ्याशी सुमारे ४० ते ४५ अंशांचा कोन राखूनच पुढे सरकते, म्हणजे क्षितिजाचा जवळजवळ चतुर्थांश तिला कायमचा बंद असतो, आणि चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजांस तर याहून पुष्कळच मोठा भाग बंद असे. म्हणूनच, अनुकूल वाऱ्यावर मोकळे चालणाऱ्याने वाऱ्याशी झगडत चाललेल्यास वाट द्यावी ही खलाशांची वहिवाट वाफेची यंत्रे येण्यापूर्वीच पक्की झालेली होती. पुढे वाफेची जहाजे वाढू लागली तेव्हा, दीपगृहे व वाटाडे यांची व्यवस्था पाहणाऱ्या लंडनच्या ट्रिनिटी हाउस या संस्थेने १८४० साली जे नियम सिद्ध केले त्यांत वाफेच्या जहाजास अनुकूल वारा लाभलेल्या जहाजाच्या पंक्तीस बसविले, आणि यंत्राने शिडाला वाट द्यावी हा निष्कर्ष त्या एका तजविजीतून ओघानेच निघाला. नव्या यंत्रासाठी नवे तत्त्व न शोधता जुन्या वहिवाटीतच त्याला जागा करून देण्याची ही युक्ती प्रस्तुत लेखकास या साऱ्या इतिहासातील सर्वांत चतुर गोष्ट वाटते.

१८४६ च्या ब्रिटिश कायद्याने या वहिवाटीपैकी काही भागास कायद्याचे बळ मिळाले. १८४८ मध्ये वाफेच्या जहाजांनी डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा लावावा असा हुकूम निघाला. १८६३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी समान नियम मान्य केले आणि लवकरच इतर अनेक राष्ट्रांनी ते उचलले. १८८९ ची वॉशिंग्टन येथील परिषद आणि १९४८ व १९६० च्या सागरी सुरक्षा परिषदा हे त्यानंतरचे मुख्य टप्पे होत.

शिडाची नौका कोणती, याचा निवाडा तिच्या डोलकाठीवरून होत नाही. शिडे पूर्ण उभारलेली असली तरी यंत्र चालवून ती पुढे जात असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती यंत्रचलित नौका होय, आणि दिवसा तिने पुढच्या भागी टोक खाली केलेला शंकू टांगून ही गोष्ट इतरांस कळविली पाहिजे. हा शंकू लावण्याचा आळस सर्रास दिसतो. परिणामी समोरून येणारा कप्तान शिडे पाहून एक अंदाज बांधतो व नौकेवरची कायदेशीर जबाबदारी निराळीच असते.

कोणताही नियम लावण्यापूर्वी टक्करीचा धोका खरोखर आहे काय, हे पाहावे लागते. त्याची जुनी व अजून न हटलेली कसोटी अशी की, दुसऱ्या नौकेची दिशा होकायंत्रावर काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपावी. अंतर घटत असूनही दिशा फारशी बदलत नसेल तर धोका आहे असे धरून चालावे. हाती होकायंत्र नसल्यास, आपली दिशा स्थिर ठेवून व बसल्या जागेवरून न हलता, दूरची नौका कठड्याच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरतात: ती खांबाच्या पुढे सरकली तर आपल्या पुढून जाणार, मागे सरकली तर मागून, आणि खांबाला चिकटून नुसती मोठी होत गेली तर ती आपल्यावरच येत आहे. फार मोठ्या जहाजाच्या किंवा फार जवळच्या नौकेच्या बाबतीत दिशा बदलत असूनही टक्कर होऊ शकते, ही पुस्तीही नियमावलीने जोडली आहे. धोक्याविषयी शंका असेल तर तो आहे असेच मानावयाचे.

दोन्ही नौका शिडाच्या असल्या म्हणजे वारा कोणाच्या कोणत्या अंगास लागतो यावर निर्णय होतो. निरनिराळ्या अंगांस वारा लागत असेल तर ज्या नौकेच्या डाव्या अंगास तो लागतो तिने बाजूस व्हावे. एकाच अंगास लागत असेल तर वाऱ्याकडच्या नौकेने वाऱ्याआडच्या नौकेस वाट द्यावी. वाऱ्याचे अंग मोठ्या शिडावरून ओळखतात: ते डावीकडे फुगलेले असेल तर वारा उजव्या अंगाचा मानला जातो. रात्री दूरच्या नौकेचे शीड दिसत नाही, दिसतो तो एकच रंगीत दिवा. म्हणून डाव्या अंगास वारा असलेल्या नौकेस वाऱ्याकडे दुसरी नौका दिसली आणि तिचा वारा कोणत्या अंगाचा हे निश्चित कळले नाही, तर आपणच वाट द्यावी, असे तिसरे कलम आहे. शर्यतींचे नियम याच पायावर रचलेले असले तरी शर्यतीत नसलेल्या नौकेशी गाठ पडताच शर्यतीची नौकाही या सर्वसाधारण नियमावलीच्या अंमलाखाली येते.

दोन यंत्रचलित नौका समोरासमोर आल्या तर दोघींनीही उजवीकडे वळून एकमेकींस डाव्या हातास टाकून जावे. आडव्या मार्गाने येत असतील तर जिच्या उजव्या बाजूस दुसरी आहे तिने वाट द्यावी व शक्यतो दुसरीच्या पुढून जाऊ नये. बाजूच्या दिव्यांची रचना याला अनुसरूनच आहे: प्रत्येक दिवा समोरून आपल्या बाजूकडे ११२.५ अंशांपर्यंत दिसतो, त्यामुळे आपल्या उजवीकडून आडवी येणारी नौका आपल्याला तांबडा दिवा दाखविते आणि तिला आपला हिरवा दिसतो. समोरासमोरच्या गाठीत एकाने डावीकडे वळल्यास काय घडते याचा दाखला २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ मिळाला. इटलीचे ‘आंद्रेया डोरिया’ व स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ ही उतारू जहाजे रडारवर एकमेकांस पाहत जवळ आली. पहिले डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे, आणि ‘स्टॉकहोम’चे पुढचे टोक ‘आंद्रेया डोरिया’च्या उजव्या कुशीत घुसून एकंदर ५१ माणसे दगावली.

भिन्न जातींच्या नौकांमध्ये अग्रक्रम लावताना नियमावली एकच प्रश्न विचारते: या घटकेस बाजूस होणे कोणास अधिक कठीण आहे? सुकाणू वा यंत्र बिघडून ताब्याबाहेर गेलेली नौका आणि गाळ उपसणे किंवा तारा टाकणे अशा कामात गुंतलेली नौका यांना सर्वांनी वाट द्यावी. त्यांच्याखाली मासेमारीत गुंतलेली नौका, तिच्याखाली शिडाची व सर्वांत शेवटी साधी यंत्रचलित. अर्थात, शिडाची नौका यंत्रापुढे श्रेष्ठ असली तरी जाळे टाकून बसलेल्या कोळ्यापुढे ती कनिष्ठच होय.

ही क्रमवारीही दोन ठिकाणी मोडते. दुसरीच्या आडव्या रेषेच्या २२.५ अंशांहून अधिक मागील भागातून येऊन तिला गाठणारी नौका शिडाची असो वा यंत्राची, तिने पुढच्या नौकेस वाट द्यावी. ताज्या वाऱ्यावर धावणाऱ्या शिडाच्या नौकेने रेंगाळत चाललेल्या यंत्रनौकेस मागे टाकताना तिच्यावरही हे बंधन आहे. दुसरे ठिकाण अरुंद खाडी. खोल पाण्याच्या पट्ट्यातूनच ज्यांना जाता येते अशा जहाजांची वाट शिडाच्या किंवा २० मीटरांहून कमी लांबीच्या नौकेने अडवू नये, असे कलम आहे, आणि त्याचा विसर पडल्याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडच्या काउझ येथील प्रसिद्ध शर्यतींच्या सप्ताहात घडले. तेथील सोलेंट सामुद्रधुनीत १५० मीटरांहून लांब जहाजाच्या पुढे १,००० मीटर व दोन्ही बाजूंस १०० मीटर असा, जहाजाबरोबर सरकत जाणारा निषिद्ध पट्टा स्थानिक नियमाने आखलेला आहे. ‘हॅने क्नुट्सेन’ या तेलवाहू जहाजाच्या पुढून ‘ॲटलांटा ऑफ चेस्टर’ ही शर्यती नौका निघाली असता तिचे पुढचे फुगीर शीड जहाजाच्या नांगरात अडकले आणि डोलकाठी मोडून पडली. नौकेच्या चालकास पुढे न्यायालयाने दोषी ठरविले. असे तेलवाहू जहाज थांबविण्याचा हुकूम दिल्यावरही बरेच अंतर वाहत जाते, आणि खाडीत त्याला वळण्यास जागा नसते. त्या वेळी असमर्थ तेच होते, शिडाची नौका नव्हे.

वाट देणाऱ्या नौकेने वेळेवर, ठळकपणे आणि दुसरीस सहज उमगेल इतक्या मोठ्या वळणाने बाजूस व्हावे. चार-पाच अंशांचे अनेक लहान फेरफार दुसऱ्याच्या नजरेस येत नाहीत, म्हणून ते वर्ज्य आहेत. दुसरी नौका आपली दिशा व वेग राखते, कारण तिची चाल गृहीत धरूनच पहिलीने आपले वळण आखलेले असते. पण पहिली योग्य हालचाल करीत नाही असे दिसताच दुसरीस स्वतः हालण्याची मुभा मिळते, आणि केवळ पहिलीच्या वळण्याने टक्कर टळणार नाही इतके अंतर उरले की मुभेचे कर्तव्य होते. शंका आल्यास भोंग्याचे पाच किंवा अधिक तोकडे आवाज देतात. एक तोकडा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळत आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझे यंत्र उलटे चालू आहे.

दाट धुक्यात किंवा पावसाच्या झडीत नौका एकमेकींस दिसत नसतील तेव्हा वरील अग्रक्रम लागूच होत नाही. तेथे शीड व यंत्र दोघांनीही सुरक्षित इतकाच वेग ठेवावा, पुढे भोंगा ऐकू आल्यास तो आणखी उतरवावा, आणि दोन मिनिटांहून अधिक खंड न पडू देता आवाज द्यावा: चालत्या यंत्रनौकेने एक लांब, शिडाच्या नौकेने एक लांब व दोन तोकडे.

भारतात १९५८ च्या व्यापारी नौकानयन अधिनियमाखाली १९७५ साली केलेल्या विनियमांनी ही नियमावली देशाच्या कायद्यात आली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एम्‌एस्‌सी चित्रा’ व ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, मालपेट्या पाण्यात तरंगत राहिल्या आणि बंदराची रहदारी काही दिवस बंद ठेवावी लागली. कोकण किनाऱ्यावर मात्र व्यापारी जहाजांस सर्वाधिक गाठ पडते ती मासेमारीच्या नौकांशी. जाळे ओढीत चाललेला ट्रॉलर रात्री वर हिरवा व खाली पांढरा आणि इतर रीतीने मासे धरणारी नौका वर तांबडा व खाली पांढरा दिवा लावते, दिवसा दोन्ही प्रकारच्या नौका टोकाला टोक लावलेले दोन शंकू दाखवितात; या खुणा दिसल्या की शिडाच्या व यंत्राच्या दोन्ही नौकांनी बाजूस झाले पाहिजे. गळ सोडून नुसती चालत राहणारी नौका यात मोडत नाही, कारण त्या दोऱ्यांमुळे तिच्या वळण्यास अडथळा होत नाही, आणि जाळी वर घेऊन यंत्रावर बंदराकडे परतणारा मचवाही साधी यंत्रचलित नौका ठरतो व शिडाच्या नौकेस त्याने वाट द्यावी लागते.