बंद दाराआडचा न्याय : ड्रेफस प्रकरण आणि एक कॅथलिक दैनिक

वृत्तपत्र हे लोकशिक्षणाचे साधन आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरेही आहे. परंतु शिक्षण जसे सत्याचे देता येते, तसे द्वेषाचेही देता येते. घरात येणारे पत्र आपल्या धर्माचे किंवा आपल्या पक्षाचे असले की त्यातील मजकुरावर आपला विश्वास चटकन बसतो. नेमके तेथेच सावध राहावे लागते. याचा इतिहासातील एक ठळक दाखला म्हणजे फ्रान्समधील ड्रेफस प्रकरण (१८९४–१९०६). त्यात एका कॅथलिक दैनिकाने बजावलेली भूमिका आपणांस भूषणावह नाही. म्हणूनच तिची उजळणी येथे करावी, असे आम्हांस वाटते.

सप्टेंबर १८९४ मध्ये पॅरिसमधील जर्मन वकिलातीच्या रद्दीतून एक निनावी चिठ्ठी फ्रेंच हेरखात्याच्या हाती आली. लष्करी गुपिते पुरवीत असल्याची यादीच तिच्यात होती. अक्षराच्या साम्यावरून कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या तोफखान्यातील अधिकाऱ्यावर संशय घेण्यात आला. हस्ताक्षरतज्ज्ञांत एकमत नव्हते. पण ड्रेफस यहुदी होता आणि संशयाला तेवढे पुरले. १५ ऑक्टोबरला त्याला अटक झाली. १ नोव्हेंबरला एदुआर द्रुमाँ यांच्या ‘ला लिब्र पारोल’ या यहुदीद्वेष्ट्या पत्राने त्याचे नाव छापून त्याला देशद्रोही ठरविले. खटला उभा राहण्यापूर्वीच निकाल बाजारात विकला जात होता! डिसेंबरात लष्करी न्यायालय बंद दाराआड बसले. आरोपीला व त्याच्या वकिलाला न दाखविलेली कागदपत्रे न्यायाधीशांना गुपचूप देण्यात आली आणि एकमताने जन्मठेपेची शिक्षा झाली. ५ जानेवारी १८९५ रोजी भर पटांगणात त्याची पदचिन्हे तोडली गेली, तेव्हा तो ‘मी निर्दोष आहे’ असे ओरडत होता. पुढे त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील ‘सैतानाच्या बेटा’वर नेऊन ठेवण्यात आले.

या काळात फ्रान्समधील असंख्य कॅथलिक कुटुंबे ‘ला क्रुआ’ हे दैनिक वाचीत. या नावाचा अर्थ ‘क्रूस’. असम्पशनिस्ट संघाच्या धर्मगुरूंनी १८८३ मध्ये ते दैनिक स्वरूपात सुरू केले होते. क्रुसावर खिळलेल्या प्रभूचे चित्र त्याच्या शीर्षस्थानी असे. आणि याच पत्राने १८९० मध्ये, फ्रान्समधील सर्वांत यहुदीविरोधी पत्र आपणच, अशी प्रौढी मिरविली होती! ड्रेफसच्या अटकेनंतर त्याने पुराव्याची चौकशी केली नाही. सेना म्हणजे राष्ट्र आणि राष्ट्र म्हणजे धर्म, असे समीकरण मांडून संशय घेणाऱ्या प्रत्येकाला त्याने शत्रूच्या गोटात ढकलले.

हे असे का झाले? त्या कॅथलिकांची दुःखे खोटी नव्हती. १८७०–७१ च्या युद्धात जर्मनीकडून झालेला पराभव ताजा होता. प्रजासत्ताकाच्या सरकारने १८८० मध्ये कित्येक धर्मसंघीयांना मठांतून हुसकावले होते. १८८२ च्या कायद्याने सरकारी शाळांतून धर्मशिक्षण गेले. त्याच वर्षी ‘युनियन जनराल’ ही कॅथलिकांचा पैसा गुंतलेली बँक बुडाली आणि खापर यहुद्यांच्या माथी फोडले गेले. जखम खरी होती, परंतु अपराधी म्हणून दाखविलेला माणूस खोटा होता. पक्षपाती वृत्तपत्राचे सामर्थ्य यातच असते. ते वाचकाचे खरे दुःख हाती घेते आणि त्याचे बोट भलत्याकडे वळविते.

सत्य मात्र पुढे येत गेले, आणि कागद उजेडात आला तेव्हाच आले. १८९६ मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याला कळून चुकले, की त्या चिठ्ठीचे अक्षर एस्तरहाझी नावाच्या मेजरचे आहे. पिकारलाही यहुद्यांविषयी प्रेम नव्हते. तरी सत्य दडविण्यास त्याने नकार दिला आणि वरिष्ठांनी त्याला दूर ट्युनिशियात धाडले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला ‘ल मातँ’ या दैनिकाने चिठ्ठीची प्रतिकृती छापली. ड्रेफसचा अपराध सिद्ध करावा, हा तिचा हेतू! परंतु पुढल्या वर्षी ती प्रतिकृती एका दलालाच्या दृष्टीस पडली आणि आपल्या गिऱ्हाइकाचे, एस्तरहाझीचे, अक्षर त्याने ओळखले. वाईट हेतूने का होईना, पुरावा लोकांपुढे ठेवला गेला आणि तोच निरपराध्याच्या उपयोगी पडला.

जानेवारी १८९८ मध्ये लष्करी न्यायालयाने एस्तरहाझीला निर्दोष सोडले. दोनच दिवसांनी, १३ जानेवारीस, एमिल झोला यांचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र ‘लोरोर’ दैनिकात प्रसिद्ध झाले. त्या अंकाच्या सुमारे तीन लाख प्रती निघाल्या. झोलांवर खटला झाला. अनेक शहरांत यहुद्यांच्या दुकानांवर हल्ले झाले. त्याआधी ‘ल फिगारो’ने झोलांचे लेख छापले, तेव्हा वाचकांनी वर्गणी बंद करण्याचा सपाटा लावला आणि संपादकाला बाजूला व्हावे लागले. वृत्तपत्राच्या पक्षपातात वाचकही वाटेकरी असतो, हे येथे विसरता येत नाही. घरोघरीचे चित्र कारान दाश या व्यंगचित्रकाराने त्याच वर्षी रेखाटले. पहिल्या चौकटीत कुटुंब जेवायला बसले आहे आणि यजमान ‘त्या विषयाचे नाव काढू नका’ म्हणून बजावतो. दुसऱ्या चौकटीत ताटे-खुर्च्या उलथल्या आहेत. विषय निघाला आहे! गप्प बसणे किंवा हाणामारी करणे, एवढेच दोन मार्ग त्या समाजाला उरले होते. ऐकून घेण्याचा तिसरा मार्ग त्याच्या हातून सुटला होता.

ऑगस्ट १८९८ मध्ये ड्रेफसविरुद्धचा मुख्य ‘पुरावा’ कर्नल आँरी याने बनावट रचल्याचे उघड झाले आणि आँरीने तुरुंगात आत्महत्या केली. आता तरी डोळे उघडावेत! परंतु ‘ला लिब्र पारोल’ने आँरीच्या विधवेसाठी निधी उभारला. पंचवीस हजारांच्या आसपास लोकांनी त्यास हातभार लावला आणि देणगीदारांच्या यादीत सुमारे तीनशे धर्मगुरूंची नावे होती. हे वाचताना आपली मान खाली जाते.

तरीही सगळेच वाहवत गेले नाहीत. इतिहासकार पोल व्हिओले या श्रद्धावंत कॅथलिकाने १८९९ मध्ये कायद्याच्या रक्षणासाठी कॅथलिकांची समिती स्थापन केली. काही मोजके धर्मगुरू तिच्यासोबत उभे राहिले. स्वकीयांनी त्यांना फितूर म्हटले. दुसरीकडे ड्रेफसच्या पक्षाची सत्ता आली, तेव्हा त्या पक्षानेही अन्यायच केला. पंतप्रधान कोंब यांच्या काळात धर्मसंघांच्या हजारो शाळा बंद झाल्या. कोणता अधिकारी मिस्सेला जातो, याच्या गुप्त नोंदी ठेवून त्यावर बढत्या ठरविल्या जात होत्या, हे १९०४ मध्ये उघडकीस आले आणि युद्धमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. न्यायासाठी लढलेल्यांनीही शेवटी गुप्त कागदांचाच आश्रय घेतला. बंद दाराचा मोह कोणा एका पक्षाचा नसतो.

१२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ड्रेफसला पूर्ण निर्दोष ठरविले. बारा वर्षे गेली होती. ‘ला क्रुआ’ आजही प्रसिद्ध होते. परंतु ते बदललेले पत्र आहे. झोलांच्या पत्राला शंभर वर्षे झाली, तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये त्याने आपल्या जुन्या लिखाणाची स्पष्ट कबुली देऊन पश्चात्ताप व्यक्त केला. त्याने अंक लपविले नाहीत की काळाला दोष दिला नाही. ख्रिस्तसभेनेही या वाटेने पावले टाकली आहेत. ख्रिस्तसभेतही लोकमत असले पाहिजे आणि ते नसेल तर तिच्या जीवनात उणीव राहील, असे पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये कॅथलिक पत्रकारांना सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये यहुदीद्वेषाचा निषेध केला.

योहानकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात निकदेम आपल्या सहकाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारतो. माणसाचे ऐकून घेण्याआधी आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरविते काय? उत्तर कोणी देत नाही; उलट त्याचीच हेटाळणी होते. क्रूस शीर्षस्थानी छापणाऱ्या पत्राला निकदेमाचा हा प्रश्न आठवला नाही. तो आपणांस आठवावा. धर्मग्रामातील सभा असो, निवडणुकीची चर्चा असो वा घरातील जेवणाची पंगत. ज्याच्याविषयी बोलले जात आहे त्याची बाजू आपण ऐकली आहे काय, पुरावा आपण डोळ्यांनी पाहिला आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. आणि वर्गणी भरताना, आपल्या मताचे नसलेलेही चार शब्द छापण्याचे धैर्य आपल्या पत्रात असावे, असा आग्रह धरू या. हा आग्रह या पानांनाही लागू आहे.