वी (निन्टेंडो)
जपानच्या निन्टेंडो कंपनीचा घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल. 'रेव्होल्यूशन' या सांकेतिक नावाने तो मे २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री व्यापारी प्रदर्शनात प्रथम दाखवला गेला. मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य, म्हणजे एका हातात धरायचा रिमोट, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सप्टेंबरमधील टोकियो गेम शोमध्ये उघड केले. रिमोटमधील त्वरणमापी हाताची हालचाल टिपतो. टीव्हीजवळ ठेवलेल्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणतात, पण ती काहीच टिपत नाही. तिच्या दोन्ही टोकांचे दिवे फक्त अवरक्त किरण सोडतात. रिमोटच्या पुढच्या भागातील कॅमेरा ते दोन प्रकाशबिंदू पाहतो आणि त्यांवरून रिमोटचा रोख पडद्यावर कुठे आहे हे ठरते.  प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्याप्रमाणे हाय-डेफिनिशन चित्र वी देत नव्हता. नोव्हेंबर २००६ मध्ये तो अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला विक्रीस आला. सोबतच्या 'वी स्पोर्ट्स'मुळे कधीही गेम न खेळलेले आजीआजोबाही टेनिस आणि बोलिंग खेळू लागले. जगभरात त्याचे १० कोटींहून अधिक संच विकले गेले.