भुंगा आधी गेला, त्याचा रोग मागून

श्रीवर्धनकडच्या वाडीत वाढलेल्या माणसाला गेंड्या भुंगा आल्याचं कळायला भुंगा दिसावा लागत नाही. झाप उलगडला की पात्यांवर कातरीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात, दोन्ही बाजूंना सारखेच. भुंग्याने पोखरलेलं असतं कोंबात, पान मिटलेलं असताना. पान उघडेपर्यंत तो कधीच दुसऱ्या माडावर गेलेला असतो. आमचे आप्पा तरीही लोखंडी आकडी घेऊन गड्याला वर चढवायचे. भोकातून ओला चोथा बाहेर आला असेल तर आत भुंगा आहे, असा त्यांचा हिशोब, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा. पुढे झापांच्या बेचक्यांत डांबरगोळ्या आणि वाळू भरायचा सल्ला आला, तोही आम्ही पाळला.

मी नंतर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. ‘जैविक नियंत्रण’ हा धडा आला की पुस्तकात असायचे लेडीबर्ड भुंगेरे आणि मावा. माडाच्या शत्रूची गोष्ट त्यात नव्हती. मला ती त्या सगळ्या धड्यापेक्षा मोठी वाटते.

हा भुंगा आपल्या बाजूचाच, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. समुद्र ओलांडून तो फार लांब उडत नाही. त्याला माणसानेच नेलं. १९०९ साली सिलोनहून रबराची रोपं पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर गेली, त्यांच्या मातीतून हा गेला. सामोआ तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं आणि तिथल्या मळेवाल्यांचा बराचसा पैसा खोबऱ्यावर. सरकारने लोकांवर अळ्या आणि भुंगे गोळा करायची सक्ती केली. लोकांनी टोपल्या भरून अळ्या आणल्या, तरी पुढच्या पावसाळ्यात भुंगे तितकेच. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची आणि सामानाची ये-जा वाढली तसा तो आणखी बेटांवर उतरला. पलाऊमध्ये जवळजवळ निम्मे माड मेले. १९५३ मध्ये तो फिजीत पोचला.

इकडे आमच्याकडेही भुंगा होताच, पण वाड्या उभ्या होत्या. मग तिकडेच एवढा कहर का? त्याचं एक मोठं उत्तर रोगात सापडलं. भुंग्याने प्रवास केला, पण त्याच्या मूळ मुलखात त्याला धाकात ठेवणारा आजार मागेच राहिला. निरोगी पाहुणा निरोगी बेटावर उतरला, मग त्याला कोण आवरणार?

हे उमगलं ते अलॉइस ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञामुळे. डार्मश्टाटच्या जैविक नियंत्रणाच्या संस्थेतला हा माणूस १९६३ मध्ये मलायात आला तो भुंग्याचे रोग शोधायलाच. मला त्याच्या कामातलं आवडतं ते हे, की तो मेलेल्या माडांकडे नव्हे, आजारी अळ्यांकडे बघत फिरला. कुजक्या खोडांत त्याला काही अळ्या वेगळ्या दिसल्या: फुगलेल्या, निस्तेज, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. त्यांच्या अंगातली चरबी विरघळून गेलेली होती. या रोगाचं कारण एक विषाणू आहे, हे त्याने दाखवलं आणि १९६६ मध्ये ते छापून आलं. अळ्या गोळा करायला लावणाऱ्या सरकारांना पन्नासेक वर्षांत जे जमलं नाही, ते चिखलात बसून आजारी अळी न्याहाळणाऱ्याला जमलं, याचं मला अजून अप्रूप आहे.

हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी आपले शेतकरी विषाणूच फवारतात. त्या विषाणूभोवती प्रथिनाचं जाड आवरण असतं, म्हणून तो बाटलीत टिकतो आणि पानावरही काही काळ तग धरतो. भुंग्याच्या विषाणूला असं आवरण नाही. उघड्यावर पडला की थोड्याच दिवसांत तो निकामी होतो. त्याला जिवंत भुंगाच लागतो. प्रौढ भुंग्याला लागण झाली तर तो लगेच मरत नाही. त्याच्या आतड्यात विषाणू वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडत राहतो. भुंगा खातो कमी, मादी अंडी घालते थोडी, पण दोघंही उडतात, समागम करतात आणि अंडी घालायच्या कुजक्या जागी रोग पेरून येतात. थोडक्यात, भुंगा हाच फवारणीचा पंप. शत्रूला मारायचं नाही, आजारी करून सोडून द्यायचं, ही कल्पना आमच्या आप्पांना ऐकवली असती तर त्यांनी मला आकडी दाखवली असती.

सामोआत १९६७ मध्ये आजारी अळ्यांचा लगदा भुशात मिसळून माडाच्या ओंडक्यांच्या ढिगांत घातला. भुंगे तिथे आले, रोग घेऊन गेले, आणि माडांचं नुकसान उतरलं. मग फिजी, टोंगा, मॉरिशस. आपल्या देशात केरळच्या भुंग्यांत हा रोग असल्याचं १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी कासरगोडच्या केंद्रीय बागायती पिके संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सोडला. काही काळाने तिथल्या नव्या झापांवरचे कातरे कमी झाले. त्यानंतर अँड्रॉथ बेटावरही हा प्रयोग झाला. हेक्टरी १०-१५ लागण झालेले भुंगे सोडा, असा सल्ला आता नारळाच्या शिफारशींत सापडतो.

इथवरची गोष्ट सगळे आनंदाने सांगतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘विषाणू सोडला’ असं आपण म्हणतो, जणू तो औषधाचा एकच छाप आहे. पण विषाणूचेही भातासारखे वाण असतात. १९७९ मध्ये बर्नहार्ड झेलाझ्नी या शास्त्रज्ञाने फिलिपिन्समधल्या दहा ठिकाणांचे आणि सामोआतला असे विषाणू घेऊन त्यांची मारकशक्ती ताडून पाहिली. पुढे डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरं हाती आली, तेव्हा तुकड्यांच्या लांबीवरून वाण ओळखता येऊ लागले. मालदीवमध्ये १९८० च्या दशकात हा विषाणू सोडला होता. तिथून काही वर्षांनी परत नमुने आणले तर त्यांच्या जनुकसंचात लहानमोठे फेरफार झालेले होते. सोडलेली गोष्ट सोडल्याजागी तशीच थांबली नव्हती. हे संशोधन १९९० मध्ये छापून आलं. विषाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून व्हायला २०११ उजाडलं: सुमारे १ लाख २७ हजार अक्षरं. तोवर त्याचं घराणंही बदललं होतं. आधी त्याला बॅक्युलोव्हायरस म्हणत, आता तो नुडिव्हायरस.

आणि मग गुआम. २००७ मध्ये तिथे भुंगा सापडला. लोक फारसे घाबरले नसावेत, कारण उपाय ठाऊक होता. पण विषाणू दिला तरी भुंगे धडधाकट राहिले. २०१३ मध्ये हवाई, २०१५ मध्ये सॉलोमन बेटं, असा तो पसरत गेला. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या शॉन मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हा भुंगा जुन्या सामोआच्या भुंग्याहून वंशाने वेगळा आहे. त्याला त्यांनी गुआमवरून नाव दिलं. हातातले नेहमीचे वाण त्याच्यावर चालेनात, म्हणून लागू पडेल असा वाण शोधायला संशोधक पुन्हा आशियातल्या माडांकडे वळले. पन्नास वर्षांपूर्वी वेगवेगळ्या बेटांवरचे विषाणू वेगवेगळे जपून ठेवणाऱ्या माणसांची किंमत मला इथे कळते.

गुआमवर २०१५ मध्ये वादळ झालं आणि पडलेल्या माडांत भुंगे माजले. हे वाचताना मला आमचं ‘निसर्ग’ आठवलं. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरवरून गेलं आणि आडवे झालेले माड, पोफळी कितीतरी काळ कुजत पडल्या होत्या. ओंडका फोडला की आत अंगठ्याएवढ्या अळ्या. माझ्या पुतण्याने तेव्हा विचारलं होतं, “काकू, तो तुमचा विषाणू कृषी केंद्रात बाटलीत मिळतो का?” नाही मिळत, म्हटलं, आणि मिळाला तरी आपल्या भुंग्याला कोणता वाण चालतो ते आधी बघावं लागेल.

गुआममध्ये लोकांनी दुसराही एक उपाय काढला. खताच्या ढिगावर मासेमारीची बारीक जाळी पसरायची, म्हणजे अंडी घालायला येणारे आणि आतून बाहेर पडणारे भुंगे तीत गुंततात. पुतण्याला हे लगेच पटलं. जीवना बंदरातल्या एका ओळखीच्या कोळ्याकडून त्याने फाटकी जाळी आणून गायरीवर घातली. भुंगे अडकले खरे, पण दिवसा एक धामण गुरफटली आणि तिला सोडवायला घरातला कोणी पुढे होईना. आता तो जाळी दिवेलागणीला पसरतो आणि सकाळी गुरं सोडायच्या आधी गुंडाळून ठेवतो.