धुराची राहिलेली शक्ति

लातूरहून अहमदपूर, लोहा ओलांडून नांदेडकडे जातांना मोटार चढणीवर दमली नाहीं, तर तिचें श्रेय बहुधा वायां जाणाऱ्या धुराला असतें. निजामी राज्यांत 1932 सालीं सरकारी बसगाड्या सुरू झाल्या, त्यांच्या नशिबीं ही सोय नव्हती.

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनीं मात्र 1905 सालींच पेटंट घेतलें होतें: इंजिनांतून सुटणाऱ्या उष्ण वायूनें एक चक्र फिरवावें, आणि त्याच्या जोरावर अधिक हवा आंत दाबावी. अमेरिकेंत 1962 सालीं निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर मोटारींत इंजिनाचे ठोके टाळण्यासाठीं पाणी व अल्कोहोल यांचें मिश्रण वेगळें भरावें लागे. मालक तें विसरत. दोष यंत्राच्या माथीं येई!

खरें तारतम्य स्वीडनच्या साब कंपनीनें 1977 च्या सुमारास दाखविलें. चक्र लहान ठेवलें, म्हणजे तें कमी फेऱ्यांतच जागें होतें. दाब वाढला कीं धूर बाजूनें सोडणारी झडप बसविली. शर्यतीचा आवेश गेला, पण पुढची मालमोटार ओलांडण्यापुरता जोर लौकर मिळूं लागला.

हल्लीं कांहीं हौशी चालक संगणकाकरवीं हाच दाब वाढवून घेतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हवा आधींच तापलेली. तेथें हें धाडस मला पटत नाहीं. मुक्काम जवळ आला कीं मैलभर गाडी संथ चालवून, चक्र निवल्यावर मी इंजिन बंद करतों.