बालोद्यानातील बाग : ब्लांकेनबुर्ग ते कोसबाड

प्रास्ताविक

'किंडरगार्टन' हा जर्मन शब्द 'किंडर' म्हणजे मुले आणि 'गार्टन' म्हणजे बाग या दोन शब्दांचा जोड आहे. मराठीत त्याला 'बालोद्यान' असा प्रतिशब्द मिळाला. आज मात्र 'केजी' म्हटले की बाके, फळा, पाटी-दप्तर आणि बंद खोली एवढेच डोळ्यांपुढे येते. शिक्षक हा माळी आणि मूल हे रोपटे, अशी उपमा शिक्षणशास्त्राच्या वर्गात सांगितली जाते आणि बागेचा विषय तिथेच संपतो. या शब्दातील बाग मुळात खरीखुरी जमीन होती, प्रसाराच्या ओघात ती गळून पडली आणि आपल्याकडे ती वेगळ्या रूपात पुन्हा उभी राहिली, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

फ्रोबेल यांची बाग

फ्रिडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांचा जन्म थुरिंगियातील डोंगराळ भागात एका पाद्र्याच्या घरी झाला. ते वर्षाचे होण्याआधीच आई वारली. पंधराव्या वर्षी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवार म्हणून त्यांना ठेवण्यात आले आणि सुमारे दोन वर्षे त्यांनी जंगलात काढली. पुढे बर्लिनला वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला. झाड आणि स्फटिक दोन्ही आतल्या नियमाने वाढतात व मूलही तसेच वाढते, ही त्यांची धारणा या अनुभवातून पक्की झाली. १८३७ मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव दिले.

बागेची आखणी त्यांनी बारकाईने मांडली आहे. बागेचा एक भाग सर्वांच्या मालकीचा असून त्यात फुले, भाज्या आणि शेतातील पिके लावावयाची. दुसऱ्या भागात प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा. जागा अपुरी असेल तर दोघांत एक वाफा चालेल. वाफ्यावर मुलाच्या नावाची पाटी आणि रोपांजवळ रोपांची नावे. सामाईक बागेची निगा सर्वांनी मिळून राखावयाची. स्वतःच्या वाफ्यात काय पेरावे, कसे वाढवावे हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे. पाणी जास्त झाले, रोप उपटून पाहिले, तर ते मरेल. पण ते का मेले हे मूल स्वतः पाहील.

या रचनेत एक सामाजिक विचारही आहे. माझे काय आणि आपले काय, हा भेद मुलाला जमिनीवर दिसतो. उपदेश न करता जागेच्या आखणीतूनच हा धडा दिला जातो. म्हणून बाग ही शाळेची शोभा नसून अभ्यासक्रमाचा भाग होती, असे म्हणावे लागते.

बाग कोठे हरवली?

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेल यांचे पुतणे कार्ल फ्रोबेल यांच्या लेखनाशी झालेली गल्लत हे त्याचे एक कारण होते. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली ती १८६० मध्ये. दरम्यान त्यांच्या अनुयायांनी ही पद्धत इंग्लंड, फ्रान्स आणि पुढे अमेरिकेत नेली.

हा प्रसार मुख्यतः शहरांत झाला. शहरात जमीन महाग. फ्रोबेल यांच्या 'देणग्या', म्हणजे लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल, मात्र पेटीत मावत होत्या. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांच्या कारखान्यात हे साहित्य विक्रीसाठी तयार होऊ लागले. पेटी जहाजातून जाऊ शकते, वाफा जाऊ शकत नाही. पेटी गावोगाव पोहोचली आणि किंडरगार्टन म्हणजे टेबलावर ठोकळे मांडणे, असा अर्थ रूढ झाला.

सर्वत्र असे झाले नाही. बर्लिनच्या पेस्टालोझी-फ्रोबेल भवनात हेन्रिएट श्राडर-ब्रायमान यांनी बागकाम आणि घरकाम शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन भगिनींनी १९१४ मध्ये उघड्या हवेतील बालशाळा चालविली. तेथे वर्गांऐवजी एका बाजूने खुल्या शेड होत्या आणि भोवती बाग होती. मॉन्टेसोरी यांनीही १९०९ च्या आपल्या ग्रंथात वनस्पती व प्राण्यांची निगा यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. परंतु त्यांच्या नावाने जगभर अधिक पसरले ते साहित्यच.

भावनगर ते कोसबाड

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे आल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मॉन्टेसोरी पद्धत येथील मुलांना मानवेल अशी कशी करावी, हा या मंडळींपुढचा प्रश्न होता.

त्याचे खरे उत्तर १९४५ नंतर मिळाले. ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) डहाणू तालुक्यात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ठरले. वस्तीतले अंगण झाडून घ्यायचे, मुलांचे हात-तोंड धुवायचे आणि तेथेच बसायचे. या व्यवस्थेला 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती आली. चढत्या क्रमाने लावण्यासाठी लाकडी दांड्याच हव्यात असे नाही. चिंचोके आणि गोटेही चालतात.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथील वारली मुले गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली; गुरे चरत असतील तेथेच शिक्षकाने जावयाचे. येथे प्रश्नच उलटा झाला होता. डेप्टफर्डच्या मुलाला निसर्ग आणून द्यावा लागत होता. कोसबाडच्या मुलाला झाडे, पाखरे, पाऊस यांची ओळख शिक्षकापेक्षा अधिक होती. त्याला निसर्गापासून तोडणार नाही अशी शाळा तेवढी हवी होती. बालशाळेची जागा आखताना भिंत घालणे जितके महत्त्वाचे तितकेच ती न घालणेही, हे कोसबाडने दाखविले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. पोषण आणि आरोग्य यांचे मोठे काम तिने केले. पण येथेही इतिहासाची पुनरावृत्ती झाली. शब्द गेला, अंगण मागे राहिले. अनेक अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरू लागल्या.

समारोप

बालशिक्षिकांचे अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांसाठी या इतिहासाचा अर्थ सरळ आहे. आपण पाठ-टाचण तपासतो, साहित्य तपासतो. जागेचा आराखडा मात्र क्वचितच मागतो. प्रशिक्षणार्थीने आपल्या बालवाडीचा नकाशा काढावा आणि त्यावर काही प्रश्न विचारावेत. मुलाच्या हाताला माती कोठे लागते? पाणी त्याच्या उंचीवर आहे काय? ज्यावर त्याचे नाव आहे असे एखादे रोप आहे काय? आणि ते रोप वाळले तर ते मुलाला पाहू दिले जाते, की शिपाई रातोरात नवे आणून ठेवतो? गच्चीवरच्या दहा कुंड्यांतही या प्रश्नांची उत्तरे देता येतात.

आपल्या भाषेने ही आठवण जपून ठेवली आहे. कोकणात आणि गोव्यात 'वाडी' म्हणजे वस्ती, तशीच नारळी-पोफळीची बागही. 'बालवाडी' या शब्दात फ्रोबेल यांची बाग आपोआप आली आहे. ती शब्दापुरती राहू नये, हे पाहणे बालशिक्षिका घडविणाऱ्यांच्या हाती आहे.