खाली मान घालणारा दिवा

दिवाळीच्या अंकात दिव्याविषयी तक्रार घेऊन यावे, हे काही शुभ लक्षण नव्हे. परंतु आमच्या भूगावच्या रस्त्यावर दिवेलागणीनंतर अर्धा तास उभे राहून पाहावे, म्हणजे वाचक माझा अपराध पोटात घालतील. चांदणी चौक ओलांडून पौड-मुळशीकडे जाणारा हा रस्ता. दोन्ही अंगांना मंगल कार्यालये, नव्या इमारती आणि मधूनच शिल्लक राहिलेले एखादे शेत. समोरून येणाऱ्या गाडीचा पांढराफेक झोत डोळ्यांवर पडला की रस्ताच नाहीसा होतो. गाडी निघून गेल्यावरही दोन-चार क्षण डोळ्यांपुढे नुसता काळोख. तेवढ्या वेळात कडेने कोण चालले आहे, हे देवालाच ठाऊक!

वस्तुतः वाटेवरच्या दिव्याची कामे दोन. एक म्हणजे आपल्याला वाट दाखवणे, आणि दुसरे म्हणजे आपण येत आहोत हे दुसऱ्याला कळवणे. आपल्याकडच्या जुन्या दिव्यांना ही दोन्ही कामे बेताचीच जमत. पालखीपुढच्या मशालीचा उजेड चहूकडे सांडे, पण लांब जात नसे. बैलगाडीखाली लोंबणारा कंदील तर गाडीवानाला फारसे काही दाखवीत नसे. “मी इथे आहे हो,” एवढेच तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. बैलांना वाट ठाऊक होती आणि वेग बैलाचाच होता, म्हणून तेवढ्यावर भागे.

वेग वाढला आणि दिव्याचे काम अवघड झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत मोटारी दिसू लागल्या. त्या काळच्या मोटारींना तेलाचे नाहीतर कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडच्या खड्यांवर पाण्याचे थेंब पडू द्यायचे, त्यातून वायू निघे आणि तो जळून लखलखीत ज्योत होई. पुढे १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत स्टार्टर आणि दिवे दोन्ही विजेवर चालू लागले आणि हळूहळू कार्बाइडची वासट कटकट संपली.

पण विजेबरोबर नवे भांडण आले. दिवा लांबवर पोचू लागला, तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत! मग या दिव्याला मान खाली घालायला शिकवण्याची खटपट सुरू झाली. १९२४ साली ऑस्रॅम कंपनीने एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या. एक तार लांबच्या झोतासाठी, दुसरी खालच्या झोतासाठी. आपल्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडचे ‘अपर-डिपर’ या दोन झोतांचेच. जुन्या जीपमध्ये डिपरचे बटण डाव्या पायाशी असे. समोर गाडी दिसली की पाय आपोआप त्यावर पडे.

पुढे १९५७ साली युरोपात आणखी एक युक्ती रूढ झाली. खालच्या झोताची एक बाजू बुटकी आणि दुसरी किंचित उंच ठेवायची. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडे डावी बाजू उंच. कडेचा पादचारी दिसावा, पण उजवीकडून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. दिव्याच्या काचेत आणि आरशात एवढी माणुसकी बसवलेली असते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. १९६२ साली हॅलोजन आला, १९७१ साली दोन तारांचा हॅलोजन आला, १९९१ साली झेनॉन, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात एलईडी. उजेड वाढतच गेला.

आपल्याकडे कायदाही मागे राहिला नाही. मोटारींचा देशभरचा पहिला कायदा १९१४ सालचा, दुसरा १९३९ सालचा आणि आजचा १९८८ सालचा. पण मोटारींच्याही आधी दिव्याचा धडा गिरवला तो सायकलस्वारांनी. पुणे हे सायकलींचे शहर होते, तेव्हा बिनदिव्याची सायकल हा गुन्हा होता. कोपऱ्यावर पोलीस दिसला की भले भले गृहस्थ टुणकन उतरून सायकल हातात धरीत आणि जणू पायीच निघालो आहोत, असा चेहरा करीत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तर उलटाच प्रकार. मोटारींच्या दिव्यांवर काळे फासून उजेडालाच लपवावे लागले. त्यानंतरही कित्येक वर्षे गाड्यांच्या दिव्याचा वरचा भाग काळा रंगवण्याची रीत होती, ती समोरच्याच्या डोळ्यांसाठी.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम मला फार आवडतो. पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, असे तो सांगतो. किती खाली? तर दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, ते दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. उभ्या माणसाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. नियमाने रस्त्यात एक अनोळखी माणूस उभा केला आहे आणि त्याच्या डोळ्यांवरून दिव्याची परीक्षा ठरवली आहे! २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत मालकाने परस्पर बेकायदा फेरफार केला, तर प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते.

एवढे शहाणपण सांगितल्यावर माझे पापही सांगितले पाहिजे. माझ्या जुन्या मोटारसायकलचा पिवळसर दिवा मला मिणमिणता वाटू लागला. दुकानदाराने त्याच घरात एक पांढरा एलईडी बल्ब खुपसून दिला. रस्ता असा उजळला, की मी खूश झालो. दिव्याचा आरसा विशिष्ट जागी असलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम त्या जागेवरून आणि आकारावरून हलला, की झोत विस्कटतो आणि वर उसळतो, हे मला कुठे ठाऊक होते?

पंधरा दिवसांनी संध्याकाळी शाळेतून परतत होतो. रस्त्याच्या कडेला कोणीतरी एकदम बाजूला झाले आणि पाय घसरून खड्ड्यात पडले. मी गाडी थांबवून धावलो. “कोण मेला डोळ्यांत दिवे खुपसतोय!” असे म्हणत मनगट धरून बसलेली ती बाई म्हणजे माझी आई होती. देवळातून घरी निघाली होती. माझा आवाज ओळखून म्हणाली, “तू होय रे! मला वाटलं, लॉरीच आली अंगावर.” हात मोडला नाही, नुसता मुरगळला. पण मोतीबिंदूच्या डोळ्यांत उजेड कसा पसरतो, हे त्या रात्री ती मला समजावून सांगत होती, आणि हात शेकताना माझी मान वर होत नव्हती.

आमच्या तालुक्याचे आणि उजेडाचे नाते तसे जुनेच, आणि कडूही. १९२१ साली रामनवमीला सेनापती बापट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. धरण व्हायचे ते झाले. मावळ्यांची भातशेते पाण्याखाली गेली आणि १९२७ साली भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईकडे वीज निघाली. एकाच्या उजेडाची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे मुळशीला नव्याने शिकवायला नको. रस्त्यावरच्या झोताचा हिशेबही शेवटी तोच नाही का?

दुसऱ्याच दिवशी मी जुना बल्ब परत बसवला आणि काच स्वच्छ पुसली. निम्मा मिणमिणाट धुळीचाच निघाला! मेकॅनिकने गाडी भिंतीसमोर उभी करून झोत खाली बसवून दिला. वेग थोडा कमी केला, एवढाच काय तो तोटा. आता समोरून कोणी आले की अंगठा आपोआप डिपरवर जातो. आई मात्र देवळातून येताना मागे दिवा दिसला, की अजून थांबते आणि कडेला होऊन उभी राहते. गाडी माझी आहे, हे कळल्यावरच ती पुढे पाऊल टाकते.