शिवणीवर थांबलेली सुई

फेंगशुईवाले वापरतात ती तबकडी म्हणजे लुओपान. मधोमध छोटी खळगी, तिचं नाव ‘स्वर्गाचं तळं’. त्यात सुई, आणि भोवती एकात एक वर्तुळं. मुख्य वर्तुळात 24 घरं असतात, प्रत्येक 15 अंशांचं. बारा राशिचिन्हांची बारा, ‘यी जिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातल्या आकृत्यांची चार, आणि चिनी कालगणनेतल्या दहा ‘खोडां’पैकी आठांची आठ. उरलेली दोन खोडं पृथ्वीतत्त्वाची, म्हणून त्यांची जागा मध्यात.

इथवर ठीक. चमत्कारिक गोष्ट अशी की हीच 24 घरं तबकडीवर तीनदा कोरलेली असतात. एक वर्तुळ सरळ, दुसरं अर्ध्या घराने एकीकडे सरकलेलं, तिसरं तेवढंच दुसरीकडे. एकाच दिशेला तीन दिशा कशासाठी?

कोणत्याही फेंगशुईवाल्याला विचारा. पृथ्वी, माणूस आणि स्वर्ग, असं उत्तर तयार असतं. मला ते मागाहून चिकटवलेलं वाटतं. निदान एक सरकलेलं वर्तुळ तरी जुन्या सुईची नोंद आहे, असा माझा पक्का ग्रह आहे. चिनी विज्ञानाचा इतिहासकार जोसेफ नीडहॅमने 1962 साली असंच मांडलं होतं. मी त्याच्या मागे निम्म्या वाटेपर्यंतच जातो.

होकायंत्राची ठरावीक कथा एका परिच्छेदात उरकतो. इ.स.च्या पहिल्या शतकात चिनी विचारवंत वांग छुंग दक्षिण दाखवणाऱ्या पळीचा उल्लेख करतो. संग्रहालयांत दिसणारी लोहचुंबकाची पळी मात्र विसाव्या शतकातली जुळणी आहे. उत्खननात तशी पळी मिळालेली नाही. दक्षिणच का? उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात मंगोलियाकडून बोचरे वारे येतात, म्हणून घराचं दार दक्षिणेला, आणि सम्राटही दक्षिणेकडे तोंड करून बसणार. आपल्याकडे दक्षिण म्हटलं की यम आठवतो, त्यांच्याकडे सिंहासन.

आता मुद्द्याचं. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव एका जागी नाहीत, त्यामुळे सुई खऱ्या दक्षिणेपासून थोडी ढळते आणि हा ढळ काळाप्रमाणे बदलतो. सोंग राजघराण्याच्या काळात चीनमध्ये सुईचं दक्षिण टोक पूर्वेकडे कललं होतं. यांग वेइद हा दरबारी ज्योतिषी (1054 साली आकाशात उजळलेल्या ‘पाहुण्या ताऱ्या’ची नोंद करणारा हाच). 1041च्या त्याच्या ग्रंथात, तोही थडग्याची जागा निवडण्याबद्दलच्या, सुई ‘बिंग-वू’वर धरायला सांगितली आहे. ‘वू’ म्हणजे नेमकी दक्षिण आणि ‘बिंग’ त्याच्या पूर्वेचं शेजारचं घर. दोघांची शिवण दक्षिणेपासून साडेसात अंशांवर पडते. 1088च्या सुमारास विद्वान शेन क्वो लिहितो की सुईला चुंबक घासला की ती दक्षिण दाखवते, पण किंचित पूर्वेकडे झुकते. आणि हे करणारे कोण, तर मंत्रतंत्र जाणणारे.

सरकलेल्या दोन वर्तुळांपैकी एकाला ‘शिवणीची सुई’ म्हणतात. त्याची दक्षिण खऱ्या दक्षिणेवर ठेवली, तर त्या काळची चुंबकसुई त्याच्या बिंग-वू शिवणीवर बरोबर बसते. नावासकट जुळतं!

यावर बिनतोड वाटणारा आक्षेप आहे: निसर्गातला ढळ नेमका अर्ध्या घराइतका कसा निघेल? शिवाय बारा घरांची चोवीस करताना अर्ध्या घराची सरक आपोआपच निघते, मग चुंबक मध्ये आणायचाच कशाला? मला यात अडचण दिसत नाही. ज्याच्या तबकडीवरची सगळ्यात बारीक खूण म्हणजे दोन घरांमधली रेघ, तो पाच-सहा अंशांचा कल त्याच रेघेवर टाकणार. दुसरं काय करील बिचारा?

आणि तो कल त्या लोकांना खुपत होता, याचा पुरावा त्यांनी शोधलेल्या कारणांत आहे. 1116च्या औषधिग्रंथात कोउ त्सुंगशी सांगतो की ‘बिंग’ म्हणजे महाअग्नी आणि धातूवर अग्नीची सत्ता, म्हणून लोखंडाची सुई तिकडे ओढली जाते. चिनी पंचतत्त्वांच्या हिशेबात हे चोख बसतं! पुढे त्संग सान-यी हा लेखक शिवणीच्या सुईचा उल्लेख करताना भूगोलावर बोट ठेवतो: लुओयांग हा जगाचा मध्य, सावली मोजायची ती तिथे, यांगत्सेच्या दक्षिणेची जमीनच एका बाजूला पडते, तिथे सरळ दक्षिण कशी चालेल? त्याच्या काळी सोंग दरबार उत्तर गमावून दक्षिणेत हांगचौला येऊन बसला होता. केंद्र सुटल्याची खंत सुईच्या कलात उतरलेली मला तरी दिसते.

तिसऱ्या वर्तुळाबाबत मात्र माझं नीडहॅमशी पटत नाही. त्याच्या मते तेही खऱ्या ढळाचं, उलट्या बाजूच्या काळातलं. मी म्हणतो, दोन वर्तुळं झाल्यावर पृथ्वी-माणूस-स्वर्ग या त्रयीचा मोह कुणाला आवरला नसेल. एकीकडे अर्धं सरकवलं, मग दुसरीकडेही.

हीच सुई पुढे समुद्रावरही गेली. जहाजावर सुई असल्याची पहिली चिनी नोंद 1119ची, ग्वांगचौच्या खलाशांबद्दल झू यूने केलेली: रात्री तारे, दिवसा सूर्य, आभाळ भरलं तर सुई. म्हणजे लेखी पुराव्यात थडग्यांची सुई आधी आणि जहाजाची नंतर. खलाशांनी चोवीस घरं तशीच उचलली आणि दोन घरांच्या मधल्या दिशेलाही ‘शिवणीची सुई’च म्हटलं, म्हणजे एकूण 48 दिशा झाल्या. पंधराव्या शतकातला चिनी नौसेनानी झंग ह याच्या ताफ्याचे कालिकतपर्यंतचे मार्ग याच घरांच्या नावांनी लिहिले गेले.